यंदा व्याख्याता नको, टेबल मांडा

सीमाभागात गावोगावी गुणगौरव समारंभ भरवणारी युवक मंडळं, पतसंस्था, माजी विद्यार्थी संघटना आणि त्यांनी बोलावलेले सन्माननीय व्याख्याते यांना,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या कमानीजवळ डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लागतं. वर शिवाजी महाराज, मध्ये पहिल्या तीन नंबरांचे पासपोर्ट फोटो आणि खाली शुभेच्छुकांचे त्याहून मोठे फोटो. मग जूनमधला एखादा रविवार बघून देवळाच्या सभामंडपात तुमचा कार्यक्रम होतो. शाल, श्रीफळ, एक प्लास्टिकची फाईल, दोन फुलस्केप वह्या आणि दीड तासाचं मार्गदर्शन.

त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर मीही बसलेली आहे, २०२१ साली. आमची कोरोनाची बॅच. आमची दहावी म्हणजे जुलैमधले दोन दिवस. एका दिवशी गणित, विज्ञान, समाज आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही भाषा. प्रत्येक विषयाला चाळीस मार्क आणि उत्तरं म्हणजे ओएमआर शीटवरचे काळे गोल. राज्यात जवळजवळ सगळेच पास झाले. त्यामुळं मला ६२५ पैकी पडलेले मार्क नेमके कशाचे होते हे मी आजही सांगू शकत नाही. शाल मात्र मिळाली. ती आजी पारायणाला अंगावर घेते.

प्रमुख पाहुणे हद्दीपलीकडून आले होते. माणूस चांगला होता. आवाज तर असा, की लाईट जाऊन माईक बंद पडला असता तरी काही अडलं नसतं. त्यांनी गरुडाची गोष्ट सांगितली, वादळात बाकीचे पक्षी लपतात आणि गरुड ढगांच्या वर जातो ती. शेवटी म्हणाले, एमपीएससी करा आणि कलेक्टर होऊन याच गावात परत या. (एमपीएससीतून थेट कलेक्टर होत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना होतं की नाही, कोण जाणे.) टाळ्या थांबल्यावर मी हात वर केला. मागून आमच्या बाईंनी डोळे वटारले, तरी विचारलंच. "सर, आमची दहावी कर्नाटकाची. आम्हाला तिकडची परीक्षा देता येते का?"

पाहुण्यांनी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी घड्याळाकडं. "ते जरा बघायला लागेल," असं उत्तर आलं आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

त्या रात्री मी कलेक्टर झाल्यासारखीच झोपले, खोटं कशाला सांगू. पण प्रश्न सभामंडपातच राहिला. त्याचं उत्तर मला दोन वर्षांनी मिळालं, तेही चुलतभाऊ भरतीची एक जाहिरात मोबाईलवर मोठी करून वाचत होता म्हणून. अधिवासाच्या कलमाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की, महाराष्ट्र शासनानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला असलेले मराठी भाषिक उमेदवार अर्ज करू शकतात. म्हणजे उत्तर 'हो' होतं. ज्या समारंभात 'सीमाभाग' हा शब्द वीस वेळा तरी उच्चारला गेला असेल, तिथं हे एक वाक्य सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणून हे पत्र. राग म्हणून वाचू नका, थोडा आहे तेवढा सोडून द्या.

दहावीनंतर आमचं काय होतं ते व्यासपीठावरून दिसत नाही, म्हणून सांगते. गावात पहिली ते दहावी मराठीत शिकायचं आणि मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, शहरात जायचं. तिथं भाषा विषय म्हणून मराठी घेता येते, पण सायन्स मराठीतून शिकायची सोय नाही. शिकवणार इंग्रजीत, आणि सर मायेनं समजावून सांगायला लागले की ते कन्नडमध्ये. पहिल्या आठवड्यात फिजिक्सचे सर 'अ‍ॅक्सिलरेशन, अ‍ॅक्सिलरेशन' म्हणत होते. मला त्वरण पाठ होतं, सूत्रासकट, उदाहरणांसकट. ही दोन्ही एकच भानगड आहे हे कळायला बुधवार उजाडला.

मग मी एक वही केली. दोनशे पानी, तीन रकाने. पहिल्यात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात कन्नड. त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन, वेगोत्कर्ष. प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस, द्युतिसंश्लेषणे. आम्लाला कन्नडमध्येही आम्लच म्हणतात, हे बघून इतका आनंद झाला की पुढच्याच ओळीत ठेच लागली. आपली आम्लारी तिकडं प्रत्याम्ल होते. कन्नड रकाना मी सुरुवातीला नुसता सरांसाठी ठेवला होता. पुढं कळलं की तो माझ्याच कामाचा आहे, कारण इंग्रजी शब्दाला मराठीत वाट सापडली नाही की बरेचदा ती कन्नडमधून सापडायची. दोघींनी संस्कृतच्या एकाच दुकानातून माल उचललेला, फक्त डबे वेगळे.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढं होती. दिवाळीच्या आत तिनं सायन्स सोडलं आणि आर्ट्सला गेली. गल्लीत सगळे म्हणाले, झेपलं नाही तिला. गणित तिला झेपत होतं हो. प्रश्न काय विचारलाय तेच कळायचं नाही, आणि साठ पोरांच्या वर्गात ते विचारायची लाज वाटायची. आर्ट्स वाईट असं मी म्हणत नाही, ती आता इतिहासात चांगले मार्क काढते. पण तिनं इतिहास निवडलेला नाही. ती तिथं जाऊन पडली.

तुम्ही व्यासपीठावरून सांगता, आवड ओळखा आणि त्या दिशेनं जा. आमच्याकडं विषय कसा ठरतो ते ऐका. प्रॅक्टिकलची बॅच पाचला सुटते आणि गावची बस सव्वापाचला सीबीटीवरून, म्हणजे शहरातल्या मुख्य स्टँडवरून, निघते, म्हणून अमुक कॉलेज नको. शेजारची मुलगी तमुक कॉलेजला जाते, सोबत होईल, म्हणून ते बरं. रताळ्याला दर मिळाला तर बीएस्सी, पडला तर बीए, कारण लॅबची फी नसते. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायका-मुलींना बसचं तिकीट माफ झालं. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या दोन मुलींचं पदवीचं शिक्षण त्या एका निर्णयानं वाचलं. कुठल्याही गरुडापेक्षा ती लाल बस आम्हाला जास्त उंच घेऊन गेली, असं मी कुठंही म्हणायला तयार आहे. आत उभं राहायला जागा नसते, ते वेगळं.

आणि निवडलं तरी ते जागेवर राहील याचा भरवसा कुठाय? २०२१ मध्ये इथं पदवी चार वर्षांची झाली. मी २०२३ ला बीएस्सीला नाव घातलं तेव्हा सर म्हणाले, चौथं वर्ष केलंस तर थेट संशोधनाकडं जाता येईल. वर्षभरात सरकारनं गाडी मागं घेतली आणि पदवी परत तीन वर्षांची झाली. माझ्या मागच्या वर्गाचा अभ्यासक्रम वेगळा, माझा वेगळा. त्यामुळं माझी पुस्तकं धाकट्या बहिणीच्याही कामाची नाहीत. त्यात आता रोज कुणीतरी येऊन सांगतो की एआय सगळ्या नोकऱ्या खाणार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत वीस वर्षं काढलेले आमचे बाबा त्यावर एकच विचारतात, "साचा फुटल्यावर तुझा एआय येणार काय धरायला?" मला उत्तर येत नाही. त्यांनाही त्यांच्या नोकरीची पूर्वीइतकी खात्री वाटत नाही, हे मला त्यांच्या विचारण्यावरून कळतं.

भावाचं तर थोडक्यातच सांगते, कारण त्याला हे लिहिलेलं आवडणार नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावाशेजारी वाढलेला मुलगा. पहाटे पाचला चंदगडच्या रस्त्याला सोळाशे मीटर मारायचा आणि मी सायकलवर घड्याळ धरायची. कोरोनात दोन वर्षं भरतीच झाली नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ आलं, चार वर्षांची नोकरी आणि पुढं चारातल्या एकालाच कायम होण्याची आशा. वयात त्या एका वर्षापुरती सूट होती, ती एक संधी त्यानं घेतली आणि ती हुकली. आता तो गोव्यात वेर्ण्याला कंपनीत आहे, पंधरवड्यानं चोर्ला घाटातून मोटरसायकलवर येतो. त्याच्याकडं जिद्द कमी होती असं म्हणणाऱ्या व्याख्यात्याला मी एक पहाट त्याच्याबरोबर पळायला पाठवीन.

आता जरा नाजूक गोष्ट. तुमच्या समारंभात आमच्या प्रत्येक निवडीला एक दुसरा अर्थ चिकटतो. मुलगी कोल्हापूरला शिकायला गेली तर 'आपली', धारवाडला गेली तर भुवया वर. निपाणीची मुलं वर्षानुवर्षं रस्ता ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजला जातात. कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, विद्यापीठ शिवाजी, आणि घर कर्नाटकात. त्यांना विचारा, रोज हद्द ओलांडताना काय वाटतं. बहुतेक सांगतील, भूक लागलेली असते.

माझे आजोबा १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात होते. पाठीवर लाठीचा वळ होता म्हणतात, मी बघितलेला नाही, पण ऐकत मोठी झाले. दर १७ जानेवारीला हुतात्मा चौकात आणि १ जूनला हिंडलग्याला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला, मी त्यांचा हात धरून गेले आहे. आता ते त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवून येतात. हेच आजोबा शेताचा उतारा आला की तो माझ्यापुढं धरतात, कारण तो कन्नडमध्ये असतो आणि घरात वाचणारी मी एकटी. मी वाचून दाखवते. ते ऐकतात आणि म्हणतात, "बरं केलंस गे शिकलीस ते." आणि पुढच्या वाक्यात परत आंदोलनाच्या गोष्टीवर येतात. त्यांना या दोन्हीत कुठं अडचण वाटत नाही. सक्तीला विरोध करणं एक आणि पोरीला उतारा वाचता येणं दुसरं, इतकं साधं. अडचण व्यासपीठावर येते.

मला कन्नड येतं म्हणून इथल्या सरकारी भरतीतला कन्नडचा पेपर मला भीती घालत नाही. येत नसतं तर परीक्षेच्या आधीच मी बाहेर पडले असते. हे तुमच्यापैकी कितीजण मुलांना स्पष्ट सांगता? खासगीत सांगता हे मला माहीत आहे, कारण तुमच्यातल्या कितीकांची स्वतःची मुलं शहरात इंग्रजी शाळेत जातात आणि कन्नडच्या शिकवणीलाही जातात. मला त्याचा राग नाही. फक्त माईकवर वेगळं का बोलता ते कळत नाही. (आणि माझी मराठी पातळ होईल याची काळजी नको. आमच्याकडं मुलीही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. या पत्रात मी 'आले, गेले' लिहितेय ते बाईंच्या धाकानं.)

सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल झाला २००४ मध्ये. मी जन्मले त्याच्या दुसऱ्या वर्षी. दावा आणि मी बरोबरच वाढलो म्हणायला हरकत नाही. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो, माझा दर सहा महिन्यांनी लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये दगडफेक झाली, गाड्यांना काळं फासलं गेलं, बस हद्दीवर थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये परत तेच. तेव्हा कोल्हापूरला शिकणारी माझी मामेबहीण आठवडाभर तिकडंच अडकली. सुट्टीवर यायची होती, आली नाही, एवढंच तिचं नुकसान. बातमीत तिच्यासारख्यांचं नाव नसतं.

आता प्रेरणेबद्दल. कारण तुमचं म्हणणं असतं की आजच्या पोरांत ती नाही.

मी पाच वर्षं स्वतःकडं जरा लक्ष देऊन बघितलं. भाषण ऐकून आलेला जोर मला सरासरी परवापर्यंत पुरतो. मोबाईलवरच्या व्हिडिओचा तेवढाही नाही, जेवण होईपर्यंत. मी अभ्यास केला त्या दिवसांचं कारण शोधलं तर फार किरकोळ निघतं. सकाळी पावणेसातला मारुतीच्या देवळापाशी एक मैत्रीण माझी वाट बघत उभी असते. मी गेले नाही तर तिला एकटीला उभं राहावं लागतं, आणि तिथं टवाळ पोरं बसतात. म्हणून मी उठते. उठले की बस मिळते, बस मिळाली की पहिला तास होतो, पहिला तास झाला की उरलेला दिवस आपसूक ओढला जातो. ज्या महिन्यात ती आजारी होती त्या महिन्यात माझी हजेरी बघा. दुसऱ्या सेमिस्टरला मी एका विषयात गेले, ती त्याच महिन्याची कमाई. आईला तीन आठवडे सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "रताळीसुद्धा एखाद्या वर्षी किडतात." आणि भाकरी थापायला लागली.

आणि माझ्या ओळखीत जी मुलं गळाली, ती मन खचल्यामुळं गळाली असं मला दिसलं नाही. आधी काहीतरी चुकलं, मन नंतर खचलं. एका मैत्रिणीला इंजिनिअरिंगला जायचं होतं. महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी वाट आहे. त्याला तिथली सीईटी द्यावी लागते आणि दोन दाखले लागतात, एक वादग्रस्त सीमाभागातलं राहणं दाखवणारा आणि दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. हे तिला कळलं तेव्हा सीईटीचा फॉर्म भरायची तारीख गेली होती. मग इकडची केसीईटी. तिथं पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांना १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे, शाळा मराठी असली तरी. त्याचा दाखला शाळेतून घेऊन त्यावर बीईओ ऑफिसची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, सही आणायची असते. तो फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. घरच्यांना वाटलं हे कन्नड मुलांसाठी आहे, आपल्याला कोण देणार. त्यांनी तो रकानाच कोरा सोडला. म्हणजे दोन राज्यांत दोन हक्क असलेली मुलगी दोन्हीकडं साध्या रांगेत उभी राहिली. आता ती शहरात एका दुकानात बिलं करते. पुढच्या वर्षीच्या समारंभात तिच्या धाकट्या भावाला शाल मिळाली आणि ती टाळ्या वाजवत होती.

तर मागणं असं आहे. यंदा एका व्याख्यात्याचा खर्च वाचवा. गाडीभाडं, मानधन, जेवण, डिजिटलवरचा त्यांचा फोटो, सगळा. त्या पैशात एक प्रिंटर भाड्यानं आणा आणि देवळाच्या सभामंडपात एक टेबल मांडा. एक दिवस नको, निकालानंतरचे तीन रविवार तरी. त्यावर नाडकचेरीतले, म्हणजे महसूल खात्याच्या इथल्या कचेरीतले, दाखले कसे काढायचे हे जाणणारा एकजण बसवा. गावात असा माणूस असतो, फक्त त्याला कुणी कधी खुर्ची दिलेली नसते. एखादा आयटीआय करून उद्यमबागेत टर्नर म्हणून लागलेला मुलगा बसवा. पगार किती, ओव्हरटाइम किती, बोटं सांभाळायची कशी, हे तो खरं सांगेल. गोव्याहून माझा भाऊ येईल, मी आणते त्याला ओढून. तो भरतीत हुकल्यावर पुढचे सहा महिने कसे काढले ते सांगेल, किंवा गप्प बसेल. ज्याला तसंच गप्प बसावंसं वाटतंय अशा मुलाला त्याच्याशेजारी बसू द्या.

आणि आमंत्रण फक्त पहिल्या तिघांना नको. त्यांचं बहुधा बरं चाललेलं असतं. ६२५ मध्ये २८० पडलेल्याला बोलवा. नापास झालेल्याला तर घरी जाऊन बोलवा. आता वर्षात दहावीची परीक्षा एकदाच होत नाही, दुसऱ्या परीक्षेला लगेच बसता येतं, हेही कितीक आईबापांना माहीत नाही. पोरगं वर्षभर म्हशीमागं फिरतं. बारावीला विषय राहिलेल्यांचंही तसंच.

बाबांच्या पिढीतले काहीजण म्हणतील, दाखल्यांची कामं करायला काय, एजंट आहेत की. आहेत. त्यांचा दर मला माहीत आहे, आणि तो कुणाकडून कसा वसूल होतो तेही.

टेबलाच्या एका कोपऱ्यावर मला जागा द्या. माझी सहाव्या सेमिस्टरची परीक्षा तोवर संपलेली असेल. पुढं बीएड करायचं, एमएस्सी करायचं की एखादी नोकरी धरायची, माझंही ठरलेलं नाही, त्यामुळं मी कुणाला दिशा वगैरे दाखवणार नाही. मी फक्त ती तीन रकान्यांची वही घेऊन येईन. कोपरे फाटलेत, मध्ये चहा सांडलाय, पण शब्द वाचता येतात. आजवर सहा मुलींनी ती झेरॉक्स करून नेली आहे. सायन्सला जाणाऱ्या प्रत्येकाला एकेक प्रत द्यायची म्हटली तर झेरॉक्सचे पैसे तेवढे मंडळानं घालावेत. जून लागायच्या आत कळवलंत तर बरं, शहरातल्या दुकानात शाळा सुरू व्हायच्या वेळी फार गर्दी असते.

आपली,
पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी
बेळगाव तालुका, पश्चिम भाग